मस्की आणि फूटभर लांबीची माशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या तरी अंगणातल्या पार्टीत आणि भारतातून येणाऱ्या फोनवर मला मस्की हा मासा केसापिसांच्या कृत्रिम माशीने गरवण्याबद्दल तेच तेच प्रश्न विचारले जातात. ते इथे एकदाचे लिहून काढले आहेत. मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो, लहानपणी वाशिष्ठीवर गरवायला जायचो, आणि बारा मोसमांत माझ्या जाळ्यात आलेले मस्की एकूण एकोणीस. आकडा आधीच सांगितलेला बरा. पुढचं सगळं एकोणीस माशांच्या अनुभवातून आणि काही हजार रिकाम्या फेकींमधून आलेलं आहे.

मस्की म्हणजे नेमका कोणता मासा?

मस्केलंज, शास्त्रीय नाव इसॉक्स मस्किनाँजी. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मोठा शिकारी. पंचमहासरोवरं, सेंट लॉरेन्स, मिसिसिपीचा वरचा भाग आणि ओहायो नदीचं खोरं हे त्याचं मूळ घर. इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांच्या भाषेतल्या ‘माश्किनोझे’वरून हे नाव आलं. विस्कॉन्सिनने १९५५ मध्ये त्याला राज्याचा मासा ठरवलं.

अंग लांबट, तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं, आणि पाठीवरचा पर पार मागे, शेपटीजवळ. या ठेवणीमुळे तो जागच्या जागी काठीसारखा स्थिर उभा राहतो आणि पुढच्या क्षणी सुटतो. आपल्याकडची तुलना हवीच असेल तर स्वभावाने मरळ डोळ्यांसमोर आणा आणि तिला चार फुटांपर्यंत वाढवा.

पाइक आणि मस्की एकच ना?

चुलतभाऊ आहेत. पाइकच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात, मस्कीच्या फिकट अंगावर गडद पट्टे किंवा ठिपके. खात्री करायची तर खालच्या जबड्याच्या बुडाशी असलेली बारीक छिद्रं मोजायची. प्रत्येक बाजूला पाच किंवा कमी असली तर पाइक, सहा ते नऊ असली तर मस्की. दोघांचा संकर म्हणजे टायगर मस्की, पट्टे सुंदर, पण प्रजा होत नाही.

फ्लाय म्हणजे माशीच ना? मग ती कोंबडीच्या पिल्लाएवढी कशी?

हा प्रश्न माझ्या सासऱ्यांचा. ट्राउटसाठी बांधतात ती खरोखर माशीएवढी असते, नखावर मावते. मस्कीची माशी म्हणजे नावाला माशी. तिची लांबी आठ ते चौदा इंच, म्हणजे वीतभरापासून दीड वितीपर्यंत, आणि ती नक्कल करते सकर, सिस्को, पर्च अशा माशांची. मस्की स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा मासा सहज गिळतो, त्यामुळे नखाएवढ्या घासासाठी तो जागचा हलेलच असं नाही.

पण लांबी हे अर्धंच कारण झालं. इकडच्या उत्तरेकडच्या नद्यांचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं तपकिरी असतं. त्यात मस्कीला आधी जाणवतो तो पाण्याचा धक्का, अंगावरच्या संवेदनरेषेतून. माशीचं डोकं रुंद असेल तर ती पाणी ढकलते, आणि ओढणं थांबवलं की मागचं अंग पुढे सरकून माशी आडवी होते. ती आडवी होऊन लटकते तो क्षण महत्त्वाचा. लाकडी किंवा प्लास्टिकचं आमिष थांबलं की थांबतं. केस आणि पिसं थांबल्यावरही श्वास घेतल्यासारखी हलत राहतात.

ती बांधतात कशी?

यावर मी जरा जास्त बोलतो, आधीच माफी मागतो.

शिकंज्यात सहा-ओ (6/0) आकाराचा, म्हणजे भला मोठा गळ घट्ट बसवायचा. दोरा जेल-स्पन. तो तुटत नाही, बोट मात्र कापतो. शेपटीकडे कोंबड्याच्या पाठीची चार-सहा लांब पिसं बांधायची, त्यांत चकाकीचे थोडे धागे. त्यानंतर मुख्य माल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे केस. इकडे याला बकटेल म्हणतात.

या शेपटीतले सगळे केस सारखे नसतात. टोकाकडचे भरीव आणि सरळ, बुडाकडचे पोकळ. पोकळ केस दोऱ्याने आवळले की छत्रीसारखे फुलतात. म्हणून टोकाकडचे केस माशीच्या मागच्या भागात वापरायचे आणि बुडाकडचे डोक्याजवळ. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात मी उलटं करत होतो आणि माझी प्रत्येक माशी कुंचा उलटा धरल्यासारखी दिसायची.

पुढची युक्ती न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या बॉब पोपोव्हिक्स यांची. त्यांनी समुद्रातल्या स्ट्राइप्ड बाससाठी वापरलेली पद्धत मस्कीवाल्यांनी तशीच उचलली. पेन्सिलीएवढ्या जाडीची केसांची बट घ्यायची, टोकं पुढे, म्हणजे गळाच्या डोळ्याच्या (धागा ओवायच्या भोकाच्या) दिशेने ठेवायची, दांडीभोवती चहूबाजूंनी पसरवून आवळायची. मग रिकाम्या बॉलपेनची नळी डोळ्यावरून सरकवून सगळे केस मागे ढकलायचे आणि पुढे दोऱ्याचा छोटा बांध घालायचा, म्हणजे केस पुन्हा पुढे येत नाहीत. अशा तीन-चार बटा एकापुढे एक. माशी मुठीएवढी जाड दिसते आणि आतून पोकळ असते. केस मोजके, बाकी हवा आणि पाणी.

नवशिका हमखास चुकतो तो केस जास्त कोंबून. माझी पहिली माशी काथ्याच्या घासणीसारखी होती. बुडेना, आणि ओढली की स्वतःभोवती गिरक्या घ्यायची. आता प्रत्येक माशी आधी बाथटबमध्ये ओढून बघतो. घरच्यांना सवय झाली आहे.

एका माशीला मला सव्वा तास लागतो. जोडाची बांधली तर दोन तास.

जोडाची म्हणजे?

पुढचा आणि मागचा भाग तारेच्या कडीने जोडलेला, म्हणजे शेपूट स्वतंत्र हलते. व्हर्जिनियाच्या ब्लेन चॉकलेट यांनी ही कल्पना टोकाला नेली. त्यांच्या ‘गेम चेंजर’मध्ये एकापाठोपाठ एक लहान लहान दांड्या असतात आणि माशी सापासारखी वळवळते. विस्कॉन्सिनच्या ब्रॅड बोहेन यांची ‘ब्यूफर्ड’ साधी आहे. तिच्या भल्या मोठ्या केसाळ डोक्याने पाणी ढकललं जातं. मी ब्यूफर्डच्या बाजूचा. या सगळ्यांच्या मागे उभी आहे लेफ्टी क्रे यांची ‘डिसीव्हर’, १९५०च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरासाठी बांधलेली. तिच्यावर अमेरिकेने १९९१ मध्ये टपाल तिकीट काढलं.

तयार मिळतात की. विकत का घेत नाही?

मिळतात, घ्या. दगडात अडकून तुटली की किती पैसे पाण्यात गेले हे तेव्हा आठवतं. मी बांधतो कारण इथे पाच महिने बर्फ असतो.

रॉड, लाइन वगैरे काय लागतं?

नऊ फुटी रॉड, दहा ते बारा ‘वेट’चा. हा रॉडला पेलणाऱ्या लाइनच्या जडपणाचा क्रमांक. मी अकरा वापरतो. लाइन बुडणारी, ३५० ते ४५० ग्रेनची. ४०० ग्रेन म्हणजे साधारण २६ ग्रॅम, आणि हेच वजन माशीला हवेतून ओढून नेतं. रिळावर फार खर्च करू नका. मस्की लांब पळत नाही, झटापट नावेजवळच होते.

लीडर, म्हणजे लाइन आणि माशी यांना जोडणारा धागा, आखूड, तीन-चार फूट. शेवटचा फूट-दीड फूट दातांसाठी, ८० ते १३० पौंडी फ्लुरोकार्बन (चिवट प्लास्टिकचा धागा) किंवा गाठ मारता येणारी तार. मी तारेवर आलो आहे. फ्लुरोकार्बन कापला गेला तर मासा तोंडात सहा-ओ गळ घेऊन जातो, आणि मग मला रात्रभर झोप लागत नाही.

खांदा राहतो का?

सुरुवातीला नाही. चूक अशी की लोक ट्राउटची माशी फेकतात तसं हवेत चार-पाच वेळा मागेपुढे करतात. भिजलेल्या माशीबरोबर ते करू नका. माशी पाण्यावर पडू द्या, लाइन ताणा, पाण्याचा ओढच रॉड वाकवतो, आणि एका मागच्या झोक्यात सोडून द्या. रॉड मागे आडवा आणि पुढे डोक्यावरून न्यायचा, अंडाकृती फिरवल्यासारखा. त्याने माशी कानाला लागत नाही. चाळीस फूट पुरतात. हरणाचे केस पाणी झटकून टाकतात. सशाच्या कातड्याच्या पट्ट्या लावलेली माशी मात्र भिजलेल्या गोधडीसारखी होते, त्या पट्ट्या विसरा.

गॉगल आणि टोपीशिवाय नावेत बसू नका. माझ्या जाकिटाच्या पाठीत एकदा गळ इतका खोल गेला की जाकीट घालूनच घरी यावं लागलं.

‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात ते खरं का?

म्हणण्यापुरतं. कुणी मोजलेलं नाही, आणि जागा कळू लागल्या की आकडा खाली येतो. पण अख्खा दिवस फेकून काहीच न दिसणं हे नेहमीचंच आहे. ज्याला हे सोसत नाही त्याने बास गरवावा, तोही छान मासा आहे.

माझं मत विचाराल तर मोजायचं काही असेल तर ते फेकी नव्हेत. मोजायचं ते नावेजवळचं शेवटचं वावभर (सहा फूट) अंतर. त्याचं उत्तर पुढे.

आठाचा आकडा काय भानगड आहे?

मस्की पाठलाग करतो. माशीच्या मागे हातभर अंतरावरून, तोंड न उघडता, थेट नावेपर्यंत येतो. काय विचार करतो कोण जाणे. इतर मासे नाव दिसली की पळतात. हा नावेखालीच थांबतो आणि माशीकडे बघतो. तुम्ही तेवढ्यात पुढची फेक करायला माशी उचललीत तर खेळ संपला.

म्हणून लीडर रॉडच्या टोकाशी आला की टोक दोन फूट पाण्यात खुपसायचं आणि माशी नावेशेजारी आठाच्या आकड्यात फिरवायची. आपला देवनागरी आठ नव्हे, इंग्रजी, एकमेकांना चिकटलेले दोन गोळे. (आपला ८ अर्धवट वळणाचा आहे. घाईत असलेले लोक तेवढंच एक वळण घेऊन उचलतात, त्यामुळे मी त्याला ‘मराठी आठ’ म्हणतो.) वळणं ऐसपैस हवीत. चार फुटांच्या माशाला बशीएवढ्या गोलात वळता येत नाही. वळणावर वेग वाढवायचा, माशी किंचित वर आणायची. मासा बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या टोकाशी घेतो.

आणि हे प्रत्येक फेकीनंतर. काही दिसलं नाही तरी. तपकिरी पाण्यात तीन फुटांखालचा मासा तुम्हाला दिसत नाही, त्याला मात्र माशी दिसत असते. माझ्या एकोणीसपैकी आठ नावेशेजारी लागले आणि त्यातले तीन मला घेईपर्यंत दिसलेच नव्हते.

एक प्रसंग सांगतो. ऑक्टोबरची संध्याकाळ, चिपेवा नदी, बोटं गारठलेली. दुपारपासून काही नाही. मी सवयीने आठ काढत होतो आणि थर्मासकडे बघत होतो. दुसऱ्या वळणावर पाण्यात एक पिवळट दांडकं उगवलं, माझ्या बुटांपासून चार फुटांवर. त्याची गालफडं हलताना दिसत होती. मी हात थांबवला. तोही थांबला. माशीचे केस पसरले, मिटले. तो हळूहळू मागे सरकत खाली बुडाला, मावळल्यासारखा. हात थांबवायला नको होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मासा लागला आणि लगेच सुटला. का?

तुम्ही रॉड वर उचललात. सगळे उचलतात, मीही पहिले चार असेच घालवले. मस्की माशी आडवी पकडून जबडे आवळतो. त्या पकडीत गळ सरकला नाही तर टोचतच नाही. रॉड उचलला की तो नुसता वाकतो, जोर गळापर्यंत पोचत नाही. रॉड माशाकडे रोखून ठेवायचा आणि डाव्या हाताने लाइन खसकन मागे ओढायची, विहिरीचा दोर ओढतो तशी. पुन्हा एकदा. मग रॉड कडेला वाकवायचा. गळ कानशीने धारदार केलेला हवा. नखावर टेकवला तर घसरता कामा नये.

हाताची ही सवय घरी लावता येते. माझी मुलगी अंगणात लाइन धरून उभी राहायची आणि मनात आलं की ओढायची. मी रॉड उचलला की तिला एक डॉलर. तिने बरेच कमावले.

केव्हा जावं?

मराठी माणसाला सोपं करून सांगतो: गणपती विसर्जनापासून दिवाळीपर्यंत. पाणी निवू लागतं, मासे हिवाळ्यासाठी खाऊन घेतात. उन्हाळ्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला. पाण्याचं तापमान २७ अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की मी जातच नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, झटापटीने दमलेला मासा सोडला तरी मरतो. वसंतात वीण असते, तेव्हा हंगाम बंद.

चंद्रोदयाच्या वेळा पाळणारे लोक इथे पुष्कळ आहेत. मी पंचांग बघून मासे धरत नाही, पण ढग भरून आले आणि वारा पडला की ऑफिसातून लवकर निघतो हेही खरं.

कुठे?

हेवर्ड, विस्कॉन्सिन. गावात गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं संग्रहालय आहे आणि तिथे १४३ फूट लांब, साडेचार मजली फायबरग्लासचा मस्की उभा आहे. त्याच्या जबड्यात उभं राहून फोटो काढतात. पाहुण्यांना मी आधी तिथे नेतो. आसपास चिपेवा फ्लोएज हा मोठा जलाशय, आणि चिपेवा व फ्लॅम्बो या नद्या. मिनेसोटात मिल लॅक्स सरोवर. माशीसाठी मला नदी आवडते. वल्ह्याच्या नावेत एक जण मागे, एक पुढे, वाटाड्या मध्ये, आणि पडलेली झाडं, कडेचे खोलगट डोह एकेक करून बघत जायचं.

फ्लॅम्बो म्हणजे फ्रेंचमध्ये मशाल. ओजिब्वे लोक रात्री मशालींच्या उजेडात भाल्याने मासे मारत, ते बघून फ्रेंच व्यापाऱ्यांनी ‘लाक द्यू फ्लॅम्बो’ हे नाव दिलं. ओजिब्वे लोकांचा तो हक्क जुन्या करारांतला आहे आणि १९८३ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. आपण तिथे पाहुणे आहोत.

परवाना वयाच्या १६ वर्षांपासून पुढे लागतो. विस्कॉन्सिनमध्ये ठेवण्यासाठी सर्वसाधारण किमान लांबी ४० इंच, काही पाण्यांवर त्याहून जास्त. मिनेसोटात ५४. नियम जागेगणिक बदलतात, त्या वर्षीची पुस्तिका बघा.

खायचा नाही तर पकडायचा कशाला?

आईचा प्रश्न, दर रविवारी. “अरे, मग तो बिचारा काय खेळायला येतो का तुझ्याशी?”

कायद्याने ठेवता येतो, पण ४० इंच व्हायला त्याला आठ-दहा वर्षं लागतात, आणि एवढ्या मोठ्या शिकारी माशाच्या अंगात पारा साठलेला असतो. एक मासा मारला की त्याच्याएवढा दुसरा व्हायला कित्येक वर्षं. आईला महाडजवळच्या वाळणकोंडीचं उदाहरण दिलं. काळ नदीच्या त्या डोहातले मासे कुणी मारत नाही, लोक त्यांना लाह्या-कुरमुरे घालतात. ती म्हणाली, “तिथे कुणी त्यांच्या तोंडात गळही घालत नाही.” याला माझ्याकडे उत्तर नाही.

सोडायचा कसा?

मासा जाळ्यात, जाळं पाण्यात. नाव हलली तरी जाळं पाण्याबाहेर काढू नका. रबरी जाळीचं, मोठ्या तोंडाचं जाळं घ्या. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकलेला असावा. सहज निघत नसेल तर ओढाताण न करता गळ कात्रीपकडीने तोडा. गळ स्वस्त असतो. फोटो हवाच असेल तर मित्राला कॅमेरा तयार ठेवायला सांगा, मासा दोन्ही हातांनी आडवा धरून उचला, मनात दहा मोजा, खाली. जबड्याला धरून उभा टांगू नका. मग शेपटीच्या मुळाशी सैल धरून पाण्यात ठेवा. निघायचं तेव्हा तो स्वतः झटका देतो आणि तोंडावर पाणी उडतं.

आजवरचा सगळ्यात मोठा?

यावर भांडणं आहेत. हेवर्डचं संग्रहालय लुई स्प्रे यांचा ६९ पौंड ११ औंसांचा मानतं, मासेमारीच्या विक्रमांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संघटना (IGFA) कॅल जॉन्सन यांचा ६७ पौंड ८ औंसांचा. दोन्ही १९४९ चे, दोन्ही हेवर्डच्या परिसरातले, दोन्हींवर शंका घेणारे लोक आहेत. माझा सर्वांत मोठा ४६ इंच, वजन केलं नाही.

महाराष्ट्रात हे करता येईल का?

मस्की नाही. मरळीवर वीतभर केसाळ बेडूक फेकून बघा, फार मजा येते. हरणाची शेपटी बॅगेत घालून नेऊ नका. चितळ-सांबराचे अवयव बाळगणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गुन्हा आहे, आणि ही शेपटी परदेशी हरणाची आहे हे विमानतळावर कुणाला समजावत बसणार? बोकडाचे लांब केस आणि कृत्रिम धागे चालतात.

एक धागा मात्र आपल्या सह्याद्रीतून इथवर आलेला आहे. राखी रानकोंबड्याच्या मानेवरचं, मेणाच्या थेंबासारखा ठिपका असलेलं पीस. सालमनच्या जुन्या माश्यांवर ते डोळा म्हणून बांधत, आणि त्यापायी एकेकाळी भारतातून रानकोंबड्यांच्या माना परदेशी जात. आता ती निर्यात बंद आहे, पाळीव पक्ष्यांची पिसं महाग मिळतात. मी दोन डॉलरचे प्लास्टिकचे डोळे चिकटवतो.

शेपट्या मिळतात कुठे, आणि घरात ठेवता कुठे?

नोव्हेंबरात इथे बंदुकीने हरणं मारायचा हंगाम असतो. नारिंगी जाकिटं घातलेले निम्मे सहकारी रजेवर, आणि शेपटी बहुतेकांना नको असते. त्यातलं हाड काढायचं, मीठ चोळायचं, पुठ्ठ्यावर ताणून गॅरेजमध्ये वाळवायची, मग भांडी घासायच्या साबणाने धुवायची. हाड राहिलं तर आठवड्याभरात शेजारी बोलतात. धुतलेल्या शेपट्या बंद डब्यात, डांबरगोळ्यांसकट. डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्याकडे आईने तो डबा पापडांचा समजून उघडला होता.